इझ्मिरात कानडी कामाला आली

इझ्मिरला जायचं नक्की झालं तेव्हा आप्पांनी मोबाइलवर ते शहर शोधून काढलं, बोटांनी नकाशा लहानमोठा करून बघितला आणि म्हणाले, "तिकडं बी तंबाखू पिकतो म्हणं. म्हंजे माणसं वळखीचीच असतील." आप्पा म्हणजे माझे वडील. आमची शेती निपाणीजवळ. तंबाखू, थोडा ऊस, आणि पाऊस बरा झाला तर सोयाबीन. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, तंबाखू लावणारी आणि न लावणारी. मी पहिल्या प्रकारच्या माणसांत चालले आहे म्हटल्यावर त्यांची काळजी निम्मी झाली. आईची झाली नाही. तिचा प्रश्न एकच होता. तिकडं खाशील काय?

बेळगावात अनगोळला आत्याकडे राहून मी अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेतलं होतं. पुढच्या पदवीसाठी तुर्कस्तानातल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, पण तिला एक अट होती. पहिलं वर्षभर फक्त तुर्की भाषा शिकायची आणि शेवटी वरच्या पातळीची परीक्षा द्यायची. पास झालं तर मूळ अभ्यासक्रम सुरू, नाहीतर सामान आवरून घरी. बेळगावच्या सांबरा विमानतळावर निरोप देताना आत्या म्हणाली, "भाषा काय, येती गं. तू बेळगावच्या मुलखात वाढलीयास." त्या वेळी मला ते नुसतं धीर देणं वाटलं.

खोली आणि ताट

इझ्मिर एका मोठ्या खाडीभोवती वसलंय. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला बोटी आहेत. माणसं कामावर जाता येता त्या बोटींत चहा पितात आणि समुद्रपक्ष्यांना पावाचे तुकडे टाकतात. आमचं वसतिगृह मात्र समुद्रापासून आत, बोर्नोव्यात. तिथं रस्त्यावर विद्यार्थी, खोलीत विद्यार्थी आणि बसच्या दारात लटकलेले तेही विद्यार्थीच.

माझ्या खोलीत सेवदा होती. ती अखिसारची, म्हणजे तासा-दीड तासावरच्या गावची. मी पहिल्यांदा खोलीत शिरले तेव्हा तिनं माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी पायांकडे बघितलं. मी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. तिनं समाधानानं मान हलवली आणि आतल्या वापरासाठीच्या सपाता माझ्यापुढे सरकवल्या. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे घराचा पहिला नियम एकच, हे मला त्याच दिवशी कळलं. दुसरी गोष्ट नंतर कळली. तिचे आजोबा खरंच तंबाखू लावायचे. आता त्या रानात ऑलिव्हची झाडं आहेत. आप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी आजोबांनी पीक का बदललं याची सविस्तर चौकशी केली आणि मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सेवदाला विचारून यायला लावलं.

खाण्याची पहिली लढाई मी हरले. कॅन्टीनमधल्या वाढणाऱ्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी आपल्या सवयीनं मान दोन्ही बाजूंना हलवली. आपल्याकडे त्याचा अर्थ "हो हो, चालेल". त्यांना त्याचा काहीच अर्थ लागला नाही. मग त्यांनी स्वतःच ठरवून भातावर खिम्याचा डाव ओतला. त्यानंतर एका दुकानात तांदळाचं पीठ मागितलं तर मालकानं भुवया उंचावून जिभेनं "च्यक" केलं. आपल्याकडे असं कुणी केलं तर तो भांडणाच्या तयारीत आहे असं समजावं. मी तरातरा बाहेर पडले. सेवदाला सांगितल्यावर ती पलंगावर पडून हसली. तिकडं "च्यक" म्हणजे नुसतं "नाही". राग नाही, काही नाही, पीठ संपलंय एवढंच.

मग तिनं मला एक वाक्य पाठ करून दिलं. मांस नको, कोंबडी नको, मासा नको, त्यांच्या पाण्यात शिजवलेलं काहीही नको. कोंबडी वेगळी सांगावी लागते, कारण तिकडच्या बऱ्याच जणांच्या हिशेबात कोंबडी हे मांस नव्हेच. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की महिन्याभरात वाढणाऱ्या बाई मला रांगेत लांबून बघूनच ते माझ्याआधी म्हणायच्या, आणि माझ्यासाठी ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या घेवड्याचं भांडं पुढं ओढायच्या. त्या घेवड्यात साखर असते आणि तो गार खातात. आधी विचित्र वाटतो. नंतर सुट्टीत घरी आल्यावर आठवतो.

आठवड्याच्या बाजारात तर माझं बस्तानच बसलं. एके दिवशी एका म्हातारबाच्या पुढ्यात ढीग दिसला आणि मी वाकून बघितलं, तर घोळ. आमच्या तंबाखूच्या रानात बांधावर उगवते आणि बायका उपटून टाकतात ती घोळ. तिकडं तिच्या जुड्या बांधून विकायला होत्या, ताज्या पाण्यात भिजवलेल्या. तुर्कीत तिला 'सेमीझोतू' म्हणतात आणि कच्चीच चिरून घट्ट दह्यात कालवतात. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "हे इकत घेतलंस? आगं आमच्या पांदीत ये, बैलगाडी भरून देतो."

जेवणाचा सगळ्यात मजेचा काळ म्हणजे रमजान. आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत. मी तिकडंही ती जमेल तशी पाळत होते. सेवदा दिवसभर उपाशी राहून दिवस मावळायची वाट बघायची, आणि मी दिवस मावळायच्या आत संपवायची घाई करायची. टेबल एकच होतं. माझा शेवटचा घास आणि तिचा पहिला खजूर यांत जेमतेम अजान होण्यापुरतं अंतर. ती म्हणायची, तू माझी जागा गरम करून ठेवतेस. एकदा मी अभ्यासाच्या नादात विसरले, तर तिनं खिडकीतून आकाश बघून मला हलवलं. ऊठ, तुझा वेळ चाललाय. स्वतःला दिवसभर पाण्याचा घोट नव्हता, पण माझं जेवण चुकू नये म्हणून तिचं लक्ष होतं.

नेर्मिनबाईंचा वर्ग

भाषेच्या वर्गात आम्ही बारा देशांतली तरी मुलं असू. शिकवायला नेर्मिनबाई. बारीक चणीच्या, डोक्यावर चष्मा सरकवलेला, आणि खडूचा हात कायम कोटाला पुसणाऱ्या. युरोपातल्या मुलांची पहिल्या महिन्यात दमछाक झाली. तुर्कीत क्रियापद शेवटी येतं. शब्दाला शेपूट जोडायचं, त्या शेपटाला आणखी शेपूट, आणि अर्थ सगळा शेवटच्या डब्यात. 'एव' म्हणजे घर, 'एवलेर' म्हणजे घरं, 'एवलेरदेन' म्हणजे घरांहून. जर्मन मुलगा डोकं धरून बसला. मला आईचं माहेर आठवलं.

आई सदलग्याची. तिथं घरात कानडी. मी मराठी शाळेत शिकले, पण सुट्टीत आजोळी गेलं की चुलत-मावस भावंडांत कानडीच बोलावी लागायची, नाहीतर आंब्याच्या वाटणीत मागं राहायची वेळ. तिथं 'मनी' म्हणजे घर, 'मनिगळु' म्हणजे घरं, 'मनिगळिंद' म्हणजे घरांहून. शब्द वेगळे, पण बांधणी तीच, जोडत जायचं. मराठीही मदतीला यायची. "येतो म्हणून सांगितलं" हे वाक्य मी शब्दाला शब्द ठेवून तुर्कीत म्हटलं आणि ते तंतोतंत बरोबर निघालं. 'चहाबिहा' म्हणायचं तर तिकडं 'चाय माय'.

मग एक दिवस नेर्मिनबाईंनी ज्या धड्याला सगळे घाबरतात तो धडा काढला. तुर्कीत एखादी घटना आपण स्वतः पाहिली असेल तर क्रियापदाला एक प्रत्यय लागतो, आणि नुसती ऐकली असेल किंवा मागाहून कळली असेल तर दुसरा. 'द्युश्त्यू' म्हणजे पडला, मी पाहिलं. 'द्युश्म्युश' म्हणजे पडला, पण मी तिथं नव्हतो. इटलीची मुलगी म्हणाली, पडला तो पडलाच ना, मी कुठं होते याच्याशी काय संबंध? मला हसू फुटलं. बाईंनी चष्म्याखालून बघितलं.

मी फळ्यापाशी जाऊन सांगितलं. आमच्याकडे 'पडला' आणि 'पडला म्हणे' असं असतं. माझ्या आईच्या भाषेत 'बिद्रु' म्हणजे पडले, आणि 'बिद्रंत' म्हणजे पडले म्हणे. शेवटच्या एका 'अंत'नं सांगणारा आपले हात झटकतो. बाईंनी दोन्ही शब्द तुर्की अक्षरांत लिहून घेतले, दोनदा म्हणून बघितले आणि म्हणाल्या, तुला या धड्याची गरज दिसत नाही, बाहेर जाऊन चहा पी. मी गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा व्याकरणाच्या तासाला मजा येत होती.

घरी फोन करून हे सांगितलं.  कुठल्याही सरकारी कचेरीत मराठीच बोलायचं, असा आप्पांचा जन्मभराचा बाणा. तरी म्हणाले, "म्हंजे कानडी कामाला आली म्हण की तिकडं. तुझ्या आईला सांगू नको, डोक्यावर बसंल." फोन आईच्याच हातात होता, आवाज मोठा करून धरलेला.

"कन्नड येणारं कुणी आहे का?"

वसंत सुरू झाला होता. परीक्षा अगदी तोंडावर आलेली. त्या दिवशी सकाळी मी तीळ लावलेल्या पावाचं गोल कडं खात बसथांब्यावर उभी होते, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांच्या गटावर संदेश आला. कन्नड येणारं कुणी आहे का? तातडीचं आहे, रुग्णालयातून विचारलंय. मी "मी आहे" असं लिहिलं आणि कुणी दुसरं लिहील म्हणून क्षणभर थांबले. कुणी लिहिलं नाही. कोण लिहिणार? सव्वा महिन्यावर परीक्षा असताना एकही तास चुकवणं मला परवडण्यासारखं नव्हतं, पण टॅक्सी समोरच उभी होती.

रुग्णालयात एका खुर्चीवर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. इरकल साडी, वर कुणीतरी दिलेला पुरुषी कोट, कपाळावर विभूती. मी कानडीत म्हटलं, काय झालं, आक्का? त्यांनी मान वर केली.

"नी यारव्वा?" तू कोण गं, बाळ?

मी म्हटलं, मी निपाणीची.

"नम्म निपाणी?" म्हणजे, आपली निपाणी?

मी हो म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ते पुढचा बराच वेळ सोडलं नाही.

त्यांचं नाव गिरिजाक्का. गाव बैलहोंगल, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. नवरा बसवराज सर, कानडी शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मुलानं हौसेनं दोघांना सहलीच्या कंपनीबरोबर तुर्कस्तानला पाठवलं होतं. सर सकाळी हॉटेलात कोसळले. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. सहलीचा वाटाड्या त्यांना इथं पोचवून, बाकीच्या लोकांची बस थांबलेली म्हणून पुढं गेला होता. मुलगा नेमका कामासाठी विमानप्रवासात होता, त्याचा फोन लागत नव्हता. गिरिजाक्कांना कानडीशिवाय थोडी हिंदी येत होती, इंग्रजी नाही. तोवर डॉक्टर मोबाइलवरच्या भाषांतरावर काम भागवत होत्या.

डॉक्टर आयलिन तिशीच्या असतील. भराभर बोलणाऱ्या, पण मी एकदा "हळू" म्हटल्यावर लगेच हळू झाल्या. त्यांनी मला थोडक्यात समजावलं. मेंदूकडे जाणाऱ्या नळीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते झटका आल्यापासून काही तासांच्या आतच देता येतं. उशीर झालेला असेल तर उलट मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. बाईंनी सांगितलंय की त्यांनी नवऱ्याला धड पाहिलं ते काल रात्री. म्हणजे रात्रीपासून धरलं तर वेळ निघून गेली. तरी एकदा तू विचारून खात्री कर.

मी विचारलं. गिरिजाक्का सांगू लागल्या. पहाटे त्या उठल्या तेव्हा सर झोपले होते. सहलीतल्या बायका समुद्राकाठी फिरायला निघाल्या, त्यांच्याबरोबर त्या गेल्या. परत आल्या तर खोलीपुढं गर्दी. "बाथरूम मुंद बिद्रंत." बाथरूमपुढं पडले म्हणे.

मी ते जसं ऐकलं तसं तुर्कीत केलं. काही ठरवून नाही, तोंडातून आपोआप दुसराच प्रत्यय गेला. 'द्युश्म्युश.'

आयलिनबाईंचा पेन थांबला. त्यांनी विचारलं, म्हणजे हिनं पाहिलं नाही? मग हिला कुणी सांगितलं?

मोबाइलनं तो 'अंत' गाळला होता. नुसतं 'पडले' एवढंच पुढं पोचलं होतं, आणि त्यावरून सर पडलेले सापडले, कधी पडले ते कुणालाच ठाऊक नाही, असं डॉक्टरांनी धरलं होतं. मी गिरिजाक्कांना विचारलं, कुणी सांगितलं, आक्का? त्या म्हणाल्या, खोल्या झाडणारी एक बाई होती, तिनं हातवारे करून दाखवलं. हे तर मी सांगितलंच की, असा त्यांचा सूर होता.

हॉटेलला फोन लावला. झाडणाऱ्या बाईला शोधून आणेपर्यंत आम्ही तिघी उभ्याच होतो. ती फोनवर आली आणि मोठ्यानं बोलू लागली. आयलिनबाईंनी आवाज खुला ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. ते गृहस्थ अंघोळ करून बाहेर आले, मला हात जोडले, ग्लास दाखवून गरम पाणी मागितलं. मी पाणी आणलं तर ग्लास त्यांच्या हातून सुटला आणि ते पडले. माझ्या डोळ्यांपुढं पडले. तिनं दोनदा 'द्युश्त्यू' म्हटलं. कधी, असं विचारल्यावर तिनं सांगितलं, न्याहरीचं दालन उघडून मी वरच्या मजल्यावर आले तेव्हा. ती वेळ हॉटेलवाल्यांना पक्की ठाऊक होती.

आयलिनबाईंनी घड्याळ बघितलं. अजून वेळ होता.

पण आता खरं अवघड काम आलं. इंजेक्शनला घरच्यांची संमती लागते. त्यानं बरं वाटू शकतं, काहीच फरक पडणार नाही असंही होऊ शकतं, आणि क्वचित रक्तस्राव होऊन माणूस जाऊही शकतो, हे सगळं मी गिरिजाक्कांना स्पष्ट सांगायचं होतं. वर्गात मी शंभर वाक्यं बिनचूक जोडली होती. 'माणूस जाऊ शकतो' हे कानडीत, आजोळच्या भाषेत, एका आक्काला सांगताना मी दोनदा वाक्य सुरू करून सोडून दिलं. तरी सांगितलं. काही गाळलं नाही, मऊ केलं नाही.

गिरिजाक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझे वडील असते तर तू काय केलं असतंस?"

मी त्यांचा प्रश्न आयलिनबाईंना तुर्कीत सांगितला. मला वाटलं, उत्तर त्या देतील आणि मी फक्त पोचवीन. त्यांनी मान हलवली. "तिनं तुला विचारलंय," त्या म्हणाल्या.

मला आप्पा दिसले. उन्हात पानं उलटी करून बघणारे, कुठल्याही गोष्टीचा निर्णय दोन मिनिटांत घेणारे. मी म्हटलं, "द्या म्हटलं असतं, आक्का. भीती वाटली असती, पण द्या म्हटलं असतं."

त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं, पेन मागितला आणि कानडीत सही केली. वळणदार, सावकाश, मास्तरांच्या बायकोला शोभेल अशी.

दुपार आम्ही बाकावर काढली. गिरिजाक्का जप करत होत्या, मी मनातल्या मनात णमोकार म्हणत होते, आणि तास बुडवून आलेली सेवदा शेजारी बसून बोटांवर काहीतरी मोजत होती. तिघींची देवघरं वेगळी, बाक एक. संध्याकाळी परिचारिका बाहेर आली. सर काहीतरी मागतायत, पण कुठल्या भाषेत ते कळत नाही, म्हणाली. काय म्हणाले, असं मी विचारलं. तिनं आठवून आठवून म्हटलं, "नीरु." म्हणजे पाणी.

गिरिजाक्का उठल्या त्या जवळजवळ धावतच आत गेल्या.

दहीभात

पुढचे काही दिवस मी वर्गाच्या आधी आणि नंतर रुग्णालयात जायची. सरांचं बोलणं अडखळत परतत होतं. डावा हात चालायचा, पायातही जोर येत होता, उजवा हात मात्र चादरीवर नुसता ठेवल्यासारखा. जेवणाची पंचाईत गिरिजाक्कांची. रुग्णालयाच्या ताटात त्या हातच लावत नव्हत्या. मी स्वयंपाकघरात माझं पाठ वाक्य म्हणून नुसत्या पाण्यात शिजवलेला भात आणि दही मागून आणलं. सेवदानं घरून आलेल्या मिरचीची फोडणी वसतिगृहाच्या चोरट्या शेगडीवर करून दिली. पहिला घास घेतल्यावर गिरिजाक्का म्हणाल्या, दही आपल्यापेक्षा चांगलं आहे, भात आपल्यापेक्षा वाईट. हे मी सेवदाला सांगितलं. दह्याचं तिनं मान्य केलं, भातावरून मात्र ती आणि गिरिजाक्का माझ्यामार्फत बराच वेळ वाद घालत होत्या. पलंगावरून सर हसले. ते हसू वाकडं होतं, पण हसूच होतं.

मग मुलगा येऊन पोचला. आठवड्यानंतर डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. निघताना आयलिनबाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी सरांना तुर्कीत काहीतरी शुभ म्हटलं. सर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, सर, हे नुसतं 'सांभाळून जा' असं आहे. तुर्कीत ते बरंच लांबलचक होतं, म्हणून सरांना आणखी काही असेल असं वाटत होतं.

परीक्षेत मी पास झाले. तोंडी परीक्षेत नेर्मिनबाईंनी विचारलं, मधे तास बुडवूनसुद्धा तुझं ऐकणं इतकं कसं सुधारलं? मी सांगितलं, रुग्णालयात कुणी हळू बोलत नाही.

बैलहोंगल

उन्हाळ्यात घरी आले. आईनं घोळीची भाजी केली, मुद्दाम दह्यातली. आप्पांनी एक घास खाऊन ताट पुढं सरकवलं आणि त्यांना नेहमीची डाळ घातलेली द्यावी लागली. दोन दिवसांनी मी बेळगावहून बैलहोंगलची बस पकडली.

सर अंगणात आरामखुर्चीवर होते. गिरिजाक्कांनी चुरमुरे, चहा, पेढे असं सगळं एकदम पुढं ठेवलं. सर सावकाश बोलत होते. शब्द शोधायला थांबत, सापडला की मास्तरासारखे ठासून उच्चारत. चहाचा कप डाव्या हातात. उजवा हात मांडीवर. व्यायाम घेणारा येतो, त्या म्हणाल्या, पण ह्यांचं मनच नाही. हात हलव म्हटलं की हाताकडे बघत बसतात, आणि बघितलं की तो हलत नाही.

मग सर म्हणाले, मी एवढ्या लांब गेलो आणि एक हॉटेल आणि एक छत तेवढं बघून आलो. तुझं इझ्मिर मला सांग.

मी सांगत सुटले. बोटी, पक्षी, "च्यक" करणारा दुकानदार, रमजानमधलं टेबल. ते मधेच थांबवून विचारायचे, बोटीचं तिकीट कुठं काढतात, पाव कुठल्या पिठाचा, मुलं मास्तरांना काय म्हणतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना फार आवडलं. तिकडं शिक्षकाला 'होजा' म्हणतात, आणि टॅक्सीवालासुद्धा मान देऊन म्हणतो. गिरिजाक्का दोनदा म्हणाल्या, तिला जेवू द्या आता. दुपार टळून गेली. हे सगळं लिहून काढावं असं मला तिथंच, त्या अंगणात वाटलं.

निघताना ते म्हणाले, मी बसपर्यंत येतो. गिरिजाक्का नको म्हणाल्या. ते आले. काठी डाव्या हातात, पाऊल मोजून टाकत, वाटेत जुने विद्यार्थी नमस्कार करायला थांबत होते त्यांना उत्तर देत. बेळगावची बस लागलेलीच होती. मी खिडकीशी बसले. तेवढ्यात सरांनी कंडक्टरला हाक मारली आणि माझ्या तिकिटासाठी नोट पुढं केली.

कंडक्टर हसून म्हणाला, "लेडीज फ्री ऐत्री, सर." कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही.

सरांना ते पटलं नाही. पाहुणी आहे, असं कसं, म्हणून ते नोट तशीच धरून त्याच्याशी वाद घालू लागले. शब्द अडत होते, तरी घालत होते. गिरिजाक्का त्यांना आवरायला पुढं झाल्या आणि मधेच थांबल्या. मीही त्याच वेळी बघितलं. काठी डाव्या हातात होती. नोट उजव्या हातात होती, खिशातून त्याच हातानं काढलेली, बोटांत घट्ट धरलेली. सरांचं सगळं लक्ष कंडक्टरकडे होतं.

गिरिजाक्कांनी खिडकीकडे वळून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

बस सुटली तेव्हा सर अजून भांडतच होते.